पास, पीटीओ आणि ‘सीट असेल तर’

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. ओझरच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर ती काम करते. चहा पिता पिता मी म्हटलं, "तुझी मजा आहे गं, आता जग फुकटात बघून होईल." ती हसली. म्हणाली, "बाई, तिकीट फुकट, पण कर आणि बाकीचे आकार आपणच भरायचे. शिवाय सीट रिकामी असेल तरच. नसेल तर बसा विमानतळावर." दिवाळीनंतर आई-वडिलांना घेऊन हैदराबादहून परत येताना शेवटी दोनच जागा उरल्या. आई-वडिलांना तिने पुढे पाठवलं आणि स्वतः रात्रीच्या बसने आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ड्युटी होतीच.

ती गेल्यावर बराच वेळ माझ्या डोक्यात आमचा रेल्वेचा पास घोळत राहिला. विमानवाल्यांची ही नोकरीसोबतची प्रवास-सवलत आज नवीन वाटते, पण आपल्या नाशिक जिल्ह्यात ती चांगली शंभर वर्षं मुरलेली आहे. इगतपुरी, देवळाली, नाशिकरोड, मनमाड या गावांतली निम्मी घरं एके काळी पासावर प्रवास करत होती. मी त्यातल्याच एका घरातली. त्या पासाबद्दल लिहावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून आज बसले आहे.

इगतपुरी हे गाव आज जसं आहे तसं रेल्वेनेच घडवलं म्हणायला हरकत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढे बारा वर्षांनी, १८६५ साली, थळ घाट चढून जीआयपी रेल्वे इगतपुरीला पोचली. कसाऱ्याहून वर येणारा तो चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावावं लागे, त्याला सगळे ‘बँकर’ म्हणत. इंजिनं आली, म्हणून शेड आली, ड्रायव्हर-फायरमन-गार्ड आले, त्यांच्या रनिंग रूम, क्वार्टर्स, दवाखाना, इन्स्टिट्यूट आलं. माझे वडील गार्ड होते. ते नोकरीला लागले तेव्हा ती जीआयपी होती. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली, पण वडिलांच्या पिढीच्या तोंडी शेवटपर्यंत जीआयपीच राहिलं.

आमच्या क्वार्टर्समध्ये वर्षाचे महिने दोन तऱ्हांनी मोजले जात. एक पंचांगाने आणि दुसरे पासाने. "औंदा किती पास उरले?" हा प्रश्न बायका एकमेकींना विहिरीवर विचारत. एक पास काशीला, एक आजोळी, एक कुणाच्या तरी लग्नाला असं आधीच ठरलेलं असे. आणि ते संपले की पीटीओ. ही तीन अक्षरं मला मुळाक्षरांच्या आधी पाठ होती. प्रिव्हिलेज तिकीट ऑर्डर. ही चिठ्ठी तिकीट खिडकीवर दिली की एक तृतीयांश भाड्यात तिकीट मिळतं. म्हणजे तीन माणसांचा प्रवास एका माणसाच्या भाड्यात.

आजचे नियम १९८६ सालचे आहेत. त्यांत वरच्या दोन गटांतल्या अधिकाऱ्यांना वर्षाला सहा पास आणि खालच्या कर्मचाऱ्यांना तीन. पण नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत खालच्याला एकच. पीटीओ सगळ्यांना वर्षाला चार. एक पास म्हणजे जाणं आणि येणं. नुसतं जायचं असेल तर अर्धा पास. वाटेत उतरता येतं, त्याला ‘ब्रेक जर्नी’ म्हणायचं. आमच्या वडिलांचा त्यात हातखंडा होता. पास पंढरपूरचा काढायचा, मनमाडला बदलून दौंड, तिथून कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीला त्या चिमुकल्या बार्शी लाइटच्या गाडीत चढायचं. वाटेत अहमदनगरला एक रात्र आत्याकडे. एकाच पासात देव आणि आत्या दोन्ही भेटत. थोडाफार वळसा घालून जाता येई, पण फार लांबचा वळसा मागितला की ऑफिसातला क्लार्क चष्म्यावरून बघे.

वडिलांना तिकिटांचे दर माहीत नव्हते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. ज्या माणसाने उभा जन्म गाडीत काढला त्याला इगतपुरी ते पुणे किती पैसे पडतात हे सांगता येत नसे. आमच्या घरात अंतर पैशांत मोजायची पद्धतच नव्हती. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याच्या मुलीने तोवर नाशिकसुद्धा बघितलेलं नसायचं, आणि आम्ही गँगमनच्या, पोर्टरच्या, गार्डच्या मुली रामेश्वरचा समुद्र बघून आलेल्या. घरात पगार बेताचा, दिवाळीला एकच नवा कपडा, पण भूगोलाच्या तासाला मास्तरांनी हुगळी म्हटलं की आम्ही हात वर करत होतो. पुढे मी स्वतः भूगोल शिकवला, त्याचं थोडं श्रेय त्या कागदाला आहे.

आता त्या कागदाचं नाव बघा. इंग्रजीत ‘प्रिव्हिलेज पास’. हा शब्द इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांकडून आला. तिकडेही नोकरांच्या सवलतीच्या तिकिटाला प्रिव्हिलेज तिकीटच म्हणत. प्रिव्हिलेज म्हणजे मेहेरबानी, खास दिलेली सूट. स्वातंत्र्यानंतर हिंदीत त्याचं ‘सुविधा पास’ झालं. मेहेरबानी गेली आणि सुविधा आली, पण हक्क हा शब्द दोन्हीकडे नाही. मराठी माणसाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला, पुढचा शब्द टाकून दिला आणि नुसतं ‘पास’ म्हणू लागला. पण नियमाच्या पुस्तकात तो शब्द आहे, आणि त्याचे परिणामही आहेत.

पहिला परिणाम म्हणजे पायऱ्या. रेल्वेत पासावरून माणसाची पायरी कळते. अगदी वर रेल्वे बोर्डाच्या मंडळींना सोन्याचा पास, त्याखाली चांदीचा, त्याखाली ब्राँझचा. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही, खरोखरच धातूचे बिल्ले असतात. (सोन्याचा म्हणजे मुलामा हो, घाबरू नका.) त्याखाली आमचे कागदाचे. कागदातही पहिल्या वर्गाचा कुणाला, दुसऱ्याचा कुणाला हे पगाराच्या श्रेणीवर. माझ्या लहानपणी तिसरा वर्ग होता, तो १९७४ मध्ये नावापुरता गेला. एकाच क्वार्टर्समधून निघालेली दोन घरं एकाच गाडीत एक पुढच्या डब्यात, एक मागच्या डब्यात बसत. प्लॅटफॉर्मवर एकत्र शिदोरी खाल्लेली मुलं गाडी आली की वेगळी होत. याचं तेव्हा कुणाला काही वाटत नसे, मलाही नाही.

दुसरी गोष्ट मला पुष्कळ उशिरा लक्षात आली. पासावर ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे रेल्वे ठरवते. बायको, एकवीस वर्षांखालचे मुलगे, शिकत असतील तर त्यापुढेही, आणि लग्न न झालेल्या मुली, त्यांना वयाची अट नाही. ‘अवलंबून असलेले नातेवाईक’ म्हणून बहीण-भाऊ, पण वडील हयात नसतील तर. आणि आई? आई, विधवा असेल तर. म्हणजे एखाद्याचे आई-वडील दोघेही थकलेले, त्याच्याच घरात राहणारे, तरी पासावर दोघांचीही नावं नाहीत. वडील गेले की आईचं नाव चढणार. आमच्या ओळखीत एक आजी होत्या. आयुष्यभर त्यांना काशीला जायची ओढ होती. त्या गेल्या त्या पांढऱ्या कपाळाने, मुलाच्या पासावर. त्यांना मी गाडीच्या खिडकीत बसलेलं पाहिलं आहे. नियम लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. नवरा आहे तोवर बाई नवऱ्याची जबाबदारी, नंतर मुलाची, हा त्या काळचा सरळ हिशेब. मनूला रेल्वे बोर्डावर नेमायची गरज पडली नाही.

मुलींचं तर आणखी गमतीचं. मुलगा एकवीसला पासावरून उतरतो, मुलगी लग्नाला. कमावती असली तरी चालते, पण सासरी गेलेली चालत नाही. माझं लग्न मे महिन्यात झालं. त्या आधी महिनाभर वडिलांनी उरलेला पास काढून मला आणि आईला तुळजापूरला नेऊन आणलं. तेव्हा मला वाटलं देवीच्या दर्शनाला. तसं होतंही. पण त्या कागदावर माझं नाव शेवटचं होतं, हे वडिलांना पक्कं ठाऊक असणार.

तिसरा परिणाम सगळ्यांत मोठा. जी मेहेरबानी आहे ती काढूनही घेता येते. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचे १९६८ चे नियम आहेत. त्यात किरकोळ शिक्षांची यादी आहे. ठपका, बढती रोखणं, नुकसानीची वसुली, वेतनवाढ रोखणं, आणि याच यादीत पास किंवा पीटीओ किंवा दोन्ही बंद करणं. शिक्षा माणसाला होते खरी, पण भोगते कोण? ज्या घरातल्या माणसाचा पास रोखला जाई त्या घरातल्या मुलांना सुट्टीत आजोळ नाही. शेजाऱ्यांना लगेच कळे. पगारातले दहा रुपये कापले तर कुणाला पत्ता लागत नाही, पण मे महिन्यात ज्या घराला कुलूप नाही त्या घरात काहीतरी झालंय हे सगळ्या आळीला समजतं. निवृत्त झाल्यावरही सुटका नाही. क्वार्टर वेळेत रिकामं केलं नाही तर जास्तीच्या दर महिन्याला निवृत्तीनंतरचा एक पास कापायचा, असाही हुकूम आहे. घर आणि प्रवास दोन्ही मालकाच्या हातात असले की एकाच्या दोरीने दुसरं बांधता येतं.

याचं टोक दिसलं ते १९७४ च्या संपात. ८ मे ला संप सुरू झाला, २७ मे ला मागे घेतला गेला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी. देशभरात सतरा लाखांच्या आसपास कामगार त्यात होते असं सांगतात. मागण्या बोनसच्या, आठ तासांच्या कामाच्या, पगाराच्या. वडील त्याच्या आधी दोन वर्षं निवृत्त झाले होते, मी नाशिकला मास्तरकीत नवी होते. मनमाडहून येणाऱ्या गाड्यांचा आवाज रात्री ऐकू न येणं म्हणजे काय हे नाशिकरोडच्या लोकांनी त्या वीस दिवसांत अनुभवलं. हजारोंना अटक झाली, क्वार्टर्समधून कुटुंबं बाहेर काढल्याच्या बातम्या आल्या. संप मोडल्यावर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि पुष्कळांच्या सेवेत ‘खंड’ पडला. हा शब्द ज्यांनी नोकरी केली त्यांनाच कळेल. माणूस कामावर असतो, पण कागदावर त्याची मागची वर्षं पुसलेली असतात. निवृत्तिवेतन, ज्येष्ठता, जे जे काही नोकरीच्या वर्षांवर मोजलं जातं ते सगळं टांगणीला. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि त्यांनी संपात बडतर्फ झालेल्यांना परत घेतलं. दंडवत्यांचं नाव लोक दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर गादी घातली म्हणून काढतात. रेल्वे क्वार्टर्समध्ये मात्र ते या दुसऱ्या कारणासाठी काढलं जातं, आणि ते काढताना म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो.

आता विमानाकडे येते.

विमान कंपन्यांची पद्धत जगभर साधारण एक आहे. नोकरदाराला आणि त्याच्या घरच्यांना वर्षाला ठरावीक फुकट किंवा फार कमी दराची तिकिटं. दुसऱ्या कंपनीच्या विमानातून जायचं असेल तर त्यांच्या आपसांतल्या करारावर. त्यांच्या बोलीत ‘आयडी नाइन्टी’ म्हणजे पूर्ण भाड्यावर नव्वद टक्के सूट, ‘आयडी सेव्हन्टी-फाइव्ह’ म्हणजे पंचाहत्तर. अलीकडे ‘झेड’ म्हणून एक पद्धत आहे, त्यात अंतराचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याला ठरीव आकार. ऐकायला छान. पण ही सूट पूर्ण छापील भाड्यावर असते. तेच तिकीट सामान्य माणसाने महिना-दीड महिना आधी काढलं तर तो पुष्कळ स्वस्तात जातो. वर कर आणि विमानतळाचे आकार पूर्ण. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, कधी कधी हिशेब केला की आम्ही सरळ साधं तिकीटच काढतो. निदान सीट तरी पक्की."

त्यातला खरा मुद्दा सीटचाच आहे. बहुतेक तिकिटं ‘सब्जेक्ट टू लोड’ असतात. विमानाचं दार बंद होण्याच्या बेतात आलं आणि जागा उरली, तर मिळते. पैसे भरलेला शेवटचा माणूस येईपर्यंत आपण बाजूला उभं राहायचं. दोन कर्मचारी उभे असतील तर सेवाज्येष्ठतेने. रेल्वेच्या पासावर आरक्षण इतरांसारखं मिळतं, प्रतीक्षायादीत आपण आणि मारवाडी शेठ मागेपुढे असतो. विमानात कर्मचारी सगळ्यांच्या शेवटी. एका अर्थी हे बरोबरच आहे, ज्याने पैसे मोजले त्याला आधी जागा. पण म्हणजे ही सवलत कंपनीला जवळपास काहीच पडत नाही. जी सीट तशीही रिकामी जाणार होती ती देऊन टाकायची. शिळी भाकरी गड्याला देण्यासारखं. भाकरी चांगलीच असते, पण कधी उरेल ते सांगता येत नाही. आणि नोकरीच्या जाहिरातीत मात्र ती ताटातल्या पंचपक्वान्नांत मोजलेली असते!

शिवाय वागण्या-दिसण्याच्या अटी. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळावर युनायटेड कंपनीने दोन मुलींना विमानात बसू दिलं नाही, कारण त्यांनी अंगाला घट्ट बसणारी लेगिंग्ज घातली होती. जगभर गदारोळ झाला. कंपनीचं म्हणणं असं की या मुली कर्मचाऱ्याच्या पासावर होत्या आणि पासावरच्या माणसाला पोशाखाचा नियम आहे. बाजूलाच तसेच कपडे घालून पैसे भरलेल्या बायका खुशाल बसल्या असतील. फुकट प्रवास करणाऱ्याने कंपनीची अब्रूही अंगावर घालून जायची, असा त्याचा अर्थ.

त्याच कंपनीच्या नावाने दोन आठवड्यांत दुसरा प्रकार घडला. ९ एप्रिल २०१७, शिकागोहून लुइव्हिलला जाणारं विमान. नाव युनायटेड एक्स्प्रेस, पण चालवणारी होती रिपब्लिक नावाची छोटी प्रादेशिक कंपनी. अमेरिकेत ही पद्धत फार आहे. रंग मोठ्या कंपनीचा, विमान आणि नोकर छोट्या कंपनीचे. विमान भरलं होतं आणि ऐनवेळी त्या छोट्या कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना कामावर पोचायला जागा हवी झाली. चार प्रवाशांना उतरवायचं ठरलं. एकोणसत्तर वर्षांचे डॉक्टर डेव्हिड डाओ उठायला तयार नव्हते, त्यांना फरफटत बाहेर काढलं. ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. मला ते पाहताना रेल्वेचे दोन पास आठवले. एक सुविधा पास, दुसरा ड्युटी पास. सुट्टीवर निघालेला कर्मचारी सगळ्यांच्या मागे आणि कामावर निघालेला सगळ्यांच्या पुढे. माणूस तोच. शेवटी जागा माणसासाठी नसते, कंपनीच्या गरजेसाठी असते.

या प्रादेशिक कंपन्यांचा विषय निघालाच आहे तर एक अपघात सांगायलाच हवा. १२ फेब्रुवारी २००९, न्यूअर्कहून बफेलोला जाणारं कोल्गन एअरचं छोटं विमान कोसळलं. विमानातले एकोणपन्नास आणि जमिनीवरचा एक, पन्नास माणसं गेली. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनने ऐन वेळी केलेली चुकीची कृती हेच ठरलं. पण त्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. सहवैमानिक चोवीस वर्षांची मुलगी होती. तिची नोकरी न्यूअर्कची आणि राहायची सिएटलजवळ आई-वडिलांकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानाच्या फुकट जागेवर बसून मेम्फिसला आली, तिथून दुसऱ्या विमानाने पहाटे न्यूअर्कला. मग कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तेवढी झोप आणि दुपारी ड्युटी. छोट्या कंपनीच्या तुटपुंज्या पगारात न्यूअर्कसारख्या महागड्या शहरात घर करणं नव्या वैमानिकांना कठीण, हा विषय त्या चौकशीत उघडपणे चर्चेला आला. फुकट प्रवास होता म्हणून ती तीन-चार हजार किलोमीटर लांब राहू शकत होती. आणि ती तशी राहू शकत होती म्हणून कंपनीचं त्या पगारात भागत होतं. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, तिथे वैमानिकांच्या अनुभवाबद्दल आणि विश्रांतीबद्दल कडक कायदा झाला. पगाराबद्दल कायदा होत नसतो.

हे फार दूरचं उदाहरण वाटत असेल तर सकाळी नाशिकरोड स्टेशनवर पंचवटी एक्स्प्रेसच्या वेळेला जाऊन उभं राहावं. १ नोव्हेंबर १९७५ ला ही गाडी सुरू झाली. मनमाडहून निघून नाशिक, इगतपुरी करत मुंबई. पासधारकांच्या तिच्या एका ‘आदर्श डब्या’ची नोंद लिम्का बुकात झाली, त्याचं आपल्याला कौतुक आहे आणि असावंच. पण रोजचे साडेतीन-चार तास जायला आणि तेवढेच यायला, हे गणित कुणी फारसं मांडत नाही. त्या गर्दीत बँकवाले, मंत्रालयवाले यांच्याबरोबर रेल्वेचे लोकही असतात. लांबून येणाऱ्या रेल्वेवाल्यांसाठी एक ‘रेसिडेन्शियल कार्ड पास’ असतो, म्हणजे राहायचं एकीकडे, काम दुसरीकडे, मधलं अंतर रेल्वेकडून. मुंबईत घर न परवडणाऱ्या किती जणांनी या सोयीवर नाशिकमध्ये घर बांधलं, मुलं शिकवली! त्यांच्यासाठी तो पास म्हणजे घराचा पायाच. आणि त्या घराची मुलं बापाला रविवारी बघत मोठी झाली, हेही खरं. माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असत. पालकसभेला नेहमी आईच.

म्हणून माझं म्हणणं असं की पास हा पगारच आहे. रोख पगार आणि पास मिळून माणसाने आपलं आयुष्य बेतलेलं असतं. घर कुठे घ्यायचं, मुलीला कुठे शिकायला ठेवायचं, म्हाताऱ्या आईला भायखळ्याच्या रेल्वे इस्पितळात महिन्याकाठी कसं न्यायचं. पण पगार न दिला तर कोर्टात जाता येतं, आणि पास मात्र पुस्तकात मेहेरबानीच्या खात्यात लिहिलेला. देताना तो पगारात धरायचा आणि काढून घेताना मेहेरबानीत, हा हिशेब मला पटत नाही.

सरकारी कंपनी निदान बुडत नाही. विमानाच्या धंद्यात तर कंपनीच जाते. आपल्या ओझरचंच बघा. विमानतळ एचएएलचा, टर्मिनलची इमारत २०१४ ची, पण विमानाची वाट बघण्यात वर्षं गेली. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतली विमानं सुरू झाली, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांत निम्म्या जागा. त्या डिसेंबरात एअर डेक्कनचं एकोणीस आसनी विमान मुंबईहून नाशिकला आलं. २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली. गावात केवढा आनंद! कोण कोण नोकरीला लागलं. १७ एप्रिल २०१९ ला जेट बंद पडली. एप्रिल २०२० मध्ये करोनात एअर डेक्कननेही काम थांबवलं आणि माणसांना बिनपगारी घरी बसवलं. थकलेल्या पगारासाठी जेटचे कर्मचारी पुढे कितीतरी दिवस भांडत होते. त्यांच्या प्रवास-सवलतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण ती कुठे मागायची? ज्या विमानात ‘सीट असेल तर’ बसायचं ते विमानच उभं. त्या दिवशी परगावी असलेल्या कर्मचाऱ्याने परतीचं तिकीट पदरच्या पैशाने काढलं असणार. अलायन्स एअर, स्टार एअर, आणि २०२३ पासून इंडिगो, अशी नाशिकची गाडी पुढे चालत राहिली, पण प्रत्येक कंपनीबरोबर नवा नोकर, नवी सेवाज्येष्ठता, रांगेत पुन्हा शेवटी.

रेल्वेवाले त्या मानाने नशीबवान, हे मी नाकारत नाही. इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळणारी रजा प्रवास सवलत रेल्वेवाल्यांना पास असल्यामुळे नव्हती. २०१८ मध्ये तीही चार वर्षांतून एकदा खुली झाली, मात्र त्या वर्षीचे पास सोडायचे. आणि १९८७ पासून एक चांगली गोष्ट झाली, विधवा पास. निवृत्तीनंतर नवऱ्याला जेवढे पास मिळाले असते त्याच्या निम्मे त्याच्या मागे बायकोला. साध्या हिशेबात क्लार्क-गार्डच्या बायकोला वर्षाला एक आणि अगदी खालच्या गटातल्या माणसाच्या बायकोला वर्षाआड एक.

आमच्या कॉलनीत अशा एक बाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान देवळालीला गँगमन होते. ऑगस्ट २०२० पासून पास ऑनलाइन झाला. आता ऑफिसात जाऊन कागद आणायचा नाही, मोबाइलवर अर्ज करायचा, मग ओटीपी येतो. त्यांच्याकडे साधा फोन. नातू त्याच्या फोनवरून करून देतो. यंदा त्यांच्या पासाचं वर्ष आहे. परवा विचारत होत्या, "बाई, तो आकडा त्याच्याच फोनवर येतो, मग पास त्याच्या नावाचा होत नाही ना?" मी म्हटलं, नाही हो, तुमच्याच नावाचा. कार्तिकीला पंढरपूरला जायचं म्हणतात. कुर्डुवाडीची गाडी आता मोठ्या रुळावर झाली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.